खात्यावरचं पहिलं नाव

टेबलावर हॅम आलं तेव्हाच आर्थर बॅरक्लफने बजावलं होतं, की चहा संपेपर्यंत बँकेचा विषय काढायचा नाही. हे कोणी पाळेल असं त्यालाही वाटत नव्हतं. ईस्टरनंतरचा रविवार होता, पर्सिव्हिअरन्स टेरेस या गल्लीत बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, आणि हेदरक्लफमधल्या झाडून सगळ्या घरांत एकच वाद चालू होता. आपल्या 'हेदरक्लफ परमनंट बिल्डिंग सोसायटी'ची बँक करायची की नाही? सव्वाशे वर्षं जी सभासदांच्या ठेवींतून त्यांनाच घरासाठी कर्ज देत आली आणि त्यांच्याच मालकीची होती, ती बाजारात न्यायची आणि त्याबद्दल प्रत्येक सभासदाला फुकट शेअर वाटायचे, असा ठराव होता. मतपत्रिका निळ्या पाकिटांतून घरोघर आल्या होत्या. मंगळवारपर्यंत परत करायच्या होत्या.

आर्थर त्या सोसायटीत सोळाव्या वर्षी दौती भरायला लागला आणि साठाव्या वर्षी मॅनेजर म्हणून बाहेर पडला. मधली तीन वर्षं लष्कराने नेली, तेवढीच. त्याला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, बायको जाऊन सात, तरी सकाळी दाढी करून टाय बांधल्याशिवाय तो खाली यायचा नाही. त्याचं स्वतःचं निळं पाकीट घड्याळामागे तसंच पडलं होतं.

"मॅनेजरसाहेब, मोहरीची चटणी इकडे सरकवा," त्याचा जावई ट्रेव्हर म्हणाला. "आणि बँक हा शब्द मी काढलेला नाही, याची नोंद घ्या."

"आत्ता काढलास," आर्थर म्हणाला.

"जाऊ दे ना बाबा," ग्लेनिस म्हणाली. ती आर्थरची एकुलती एक मुलगी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. "आम्ही दोघांनी 'हो' भरून टाकलंय. मागच्या दारी काचेची खोली बांधायची आहे आम्हाला. तुम्ही 'नाही' भरणार हे सगळ्या गावाला माहीत आहे. भांडायचं कशाला?"

"काचेच्या खोलीसाठी सोसायटी विकायची."

"काचेची खोली, नवं छप्पर, कोणाचे दात. ज्याला जे हवं ते."

टेबलाला चौथी विनी होती. विनी म्हणजे आर्थरची मोठी बहीण, पंचाहत्तर वर्षांची, दोन दारं पलीकडे राहणारी. ती पावाला लोणी लावत होती, कडेपर्यंत, एक कोपरा कोरडा न ठेवता. हॅम ट्रेव्हरने आणलं होतं, पण फाटलेल्या दुधाच्या चोथ्याचा, मनुका घातलेला टार्ट तिच्या हातचा होता, आणि त्याच्याशिवाय बॅरक्लफांचा चहा होत नसे.

टार्ट संपला तसा आर्थर उठला आणि कपाटातून चामड्याची पिशवी घेऊन आला. आता गोष्ट येणार, हे ओळखून ग्लेनिसने ट्रेव्हरला टेबलाखालून पाय मारला.

"फ्लीस खानावळीच्या माडीवर साठ माणसं जमायची," आर्थरने सुरुवात केली. "विणकर, पिंजारी, एक गवंडी. आठवड्याला प्रत्येकाचे ठरलेले पैसे. एका घरापुरता गल्ला जमला, की या पिशवीत हात घालायचा. साठ हाडाच्या सोंगट्या, साठ नंबर. ज्याचा नंबर निघेल त्याला घर. बाकीच्यांनी भरत राहायचं आणि वाट बघायची. घर मिळालेल्यानंही भरत राहायचं, शेवटच्या माणसाला घर मिळेपर्यंत. कोणी पळालं नाही. साठांतला एकही पळाला नाही."

"आणि शेवटच्याला घर मिळालं की सोसायटी मोडायची होती," ट्रेव्हरने पुढचं वाक्य म्हणून टाकलं, "पण कोणाला मोडवेना."

"मोडवेना. म्हणून 'परमनंट' नाव ठेवलं." आर्थरचा आवाज इथे दरवर्षी जरा बसायचा. "तर पाचव्या सोडतीला निघाली एकतीस नंबरची सोंगटी, आणि माझ्या आजोबांना, जोसाया बॅरक्लफना, हे घर मिळालं. हेच. ज्यात तू कोपर टेकून बसला आहेस."

"हॅनाला," विनी म्हणाली.

"काय?"

"नंबर आजीचा होता. हॅनाचा. जोसाया नुसता किल्ली घ्यायला उभा होता."

"तेच ते गं. एकाच घरातली माणसं."

विनीने पाव ताटलीत ठेवला आणि पिशवीत हात घातला. कारण पिशवीचं आता काम एवढंच उरलं होतं. ज्याचा नंबर सगळ्यांत लहान, त्याने भांडी घासायची. त्याच्या वरच्याने पुसायची. एकतीस ज्याला येईल त्याला वर्षभर माफी, पण एकतीस गेल्या एकोणीस वर्षांत कोणाला आला नव्हता. त्या दिवशी आर्थरला तीन आला आणि विनीला अकरा.

*

ग्लेनिसला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं, की आपण तेव्हा तोंड उघडायलाच नको होतं. पण तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट विनीआत्या आपल्या बाजूची आहे, अशीच तिची खात्री होती. आत्याची मुलगी मॉरीन ऑस्ट्रेलियात, पर्थला. आठ वर्षांत भेट नाही, आणि सप्टेंबरात मॉरीनच्या लेकीचं लग्न. बाराशे पौंडांचे शेअर आले असते तर तिकीट निघत होतं. आत्या कधी बोलायची नाही, पण त्या मुलीचा फोटो तिने पाकिटातून काढून दिवाणखान्यात आणून ठेवला होता, तेवढ्यावरून कळत होतं.

"आत्या, तुझं पण आत्ताच भरून टाकू. मी जाताना पेटीत टाकते. पाकीट आणलंयस ना?"

"माझं आलं नाही अजून."

"आलं नाही? येऊन तीन आठवडे झाले सगळ्यांची!"

"टपालात अडकलं असेल," आर्थर म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

ट्रेव्हर स्वयंपाकघरं बसवण्याचा धंदा करायचा. कागद आला की त्याचं बारीक छापलेलंही वाचायचं, ही सवय त्याला तिथेच लागली होती. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"आत्या, तुमचं खातं एकटीचं आहे की जोडखातं?"

"जोडखातं."

"मग पहिलं नाव कोणाचं? कारण मत पहिल्या नावालाच आहे. शेअरसुद्धा पहिल्या नावालाच. दुसऱ्याला काही नाही. लिहिलंय त्यात."

विनीने लोण्याच्या डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं आहे ना, हे बोटाने दाबून पाहिलं.

"क्लिफर्डचं," ती म्हणाली.

क्लिफर्ड पिकल्स विनीचा नवरा. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होता आणि तेरा वर्षांपूर्वी बोलिंग क्लबच्या खजिनदारीणबाईंबरोबर ब्रिडलिंग्टनला समुद्राकाठी राहायला गेला, तो गेलाच. घटस्फोट घ्यायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. नाताळला मात्र कार्ड पाठवायचा.

"म्हणजे त्या मेल्याला शेअर?" ग्लेनिसचा आवाज चढला. "त्याने कधी एक शिलिंग तरी भरला होता का? गिरणीत डोळे फोडलेस तू. शनिवारी पगार घेऊन तू जायचीस. मी बघितलंय, लहानपणी माझं बोट धरून न्यायचीस!"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

आर्थरने चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

"नियम वाचला तेव्हा लक्षात आलं," तो म्हणाला.

"कधी वाचलात?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तीन आठवडे मूग गिळून बसलात! आज हॅम काय, सोंगट्या काय!"

"मी करतो फोन ब्रिडलिंग्टनला," ट्रेव्हर उठत म्हणाला. "पुरुषासारखा पुरुषाशी बोलतो. निम्मे तरी देईल."

"खबरदार," विनी म्हणाली. ती आवाज न चढवता बोलली, पण ट्रेव्हर खाली बसला. "त्या बाईच्या दिवाणखान्यात वाजणार तो फोन. मी पर्थला पोहत जाईन एक वेळ. आणि ग्लेनिस, तू आर्थरच्या अंगावर जाऊ नकोस. आपलेच दात, आपलेच ओठ. चल रे आर्थर, तुला तीन आलाय. भांडी पडलीत."

*

विनी पुसायला उभी राहिली. हे घर, हा दगडी मोरीचा कठडा, खिडकीतून दिसणारं मागचं आवार, सगळं तिच्या बालपणाचं होतं. इथेच हॅनाआजी तिला केस विंचरताना सांगायची, की माझा नंबर होता गं, माझे विणकामाचे पैसे, माडीवर त्या साठांत आम्ही चार बायका होतो आणि पहिला नियमच तसा लिहिला होता, सभासद पुरुष असो वा स्त्री. आर्थर तेव्हा आठ वर्षांचा, बाहेर चेंडू खेळत असेल.

आणि सोसायटीची ती इमारत! विनीला अजून पॉलिशचा वास यायचा. शनिवारी गिरणी सुटल्यावर आठ वाजेपर्यंत उघडी असायची, गिरणीतल्या बायकांसाठी. हिवाळ्यात शेगडी पेटवलेली. केसांत लोकरीचे तंतू, हातात पगाराचं पाकीट, रांगेत बारा-पंधरा जणी, कोणाचं पोर रडतंय, कोणाची मस्करी चाललीय. काउंटरवर पास-बुक ठेवलं, की आतला माणूस नावाने हाक मारायचा. आठवडाभर ती कापडातले दोष शोधायची आणि सुईने मिटवायची. शनिवारी संध्याकाळी त्या रांगेत उभं राहिलं, की तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. ते दिवस तिला फार आवडले होते.

"तू एकदा तरी ओरड माझ्यावर," आर्थर पाण्यात हात घालून म्हणाला.

"बशी नीट धू. मोहरी राहिलीय."

"विनी."

"तुला आठवतं का, खातं उघडलं तो दिवस?"

आर्थरने बशी पुन्हा पाण्यात बुडवली. "नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हो."

"काय म्हणाले होते मी?"

"माझं नाव आधी घाल, पैसे माझे आहेत, असं म्हणालीस."

"आणि तू?"

"मी म्हणालो, क्लिफची काय पत राहील गं? कंडक्टर असला तरी नवरा आहे."

"आणि हसलास."

"हसलो."

"मीही हसले," विनी म्हणाली. "तेच मला डाचतं. तुझं नाही एवढं."

आर्थरचे हात पाण्यात तसेच थांबले. "फॉर्मवर कुठे लिहिलं नव्हतं," तो म्हणाला, "नवऱ्याचं आधी घाला असं. नुसतं पहिलं नाव, दुसरं नाव. चाळीस वर्षं मी जोडखाती उघडली. हजारांनी. गिरणीत कमावणारी बाई समोर उभी, पास-बुक तिच्या हातात, आणि मी न विचारता नवऱ्याचं नाव वर लिहायचो. कोणी सांगितलं नव्हतं मला. रांगेतल्या त्या सगळ्या जणींची हीच गत आहे आज. अर्ध्या गावाची. आणि मी त्या सोसायटीच्या शंभरीला पुस्तक लिहिलं, विनी. अठ्ठेचाळीस पानं. त्यातसुद्धा एकतीस नंबरपुढे जे. बॅरक्लफ. मूळ वही माझ्यासमोर उघडी होती. हॅना लिहिलेलं दिसत होतं."

"मग?"

"मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल."

विनीला हसू आलं. तिला राग यायला हवा होता, पण फडकं तोंडावर धरून ती हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. "लिहिणाऱ्याची चूक," ती पुन्हा म्हणाली. "आणि क्लिफर्ड गेला तेव्हा मी आले होते तुझ्याकडे. नाव काढ म्हणून."

"तेव्हा मी म्हणालो, त्याची सही लागेल, गावात चर्चा होईल, मॅनेजरच्या बहिणीचं प्रकरण म्हणून. राहू दे आहे तसं."

"मग ते तसंच राहिलं."

"मला लाज वाटते विनी," आर्थर म्हणाला. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य त्याने कोणाला म्हटलं नव्हतं, बायकोलाही नाही. "तुला सांगायला तीन आठवडे धीर झाला नाही, तो त्यामुळे."

*

दोघं बाहेर आली तेव्हा ग्लेनिस आणि ट्रेव्हर कुजबुजत होती. आपल्या शेअरमधून आत्याला काही द्यावं असं ग्लेनिसचं म्हणणं, आणि मग काचेच्या खोलीला काच तरी राहील का, असं ट्रेव्हरचं. आर्थरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने घड्याळामागचं निळं पाकीट घेतलं, मतपत्रिका काढली, टाय नीट केला, खाली सही केली, आणि कागद विनीपुढे सरकवला.

"फुली तू मार."

"बाबा, हे चालतं का?" ग्लेनिसने विचारलं. नियमाबाहेर या माणसाने कधी टाचणीही उचलली नव्हती.

"सही माझी आहे. फुली कोणाच्या हातची, ते कोणी विचारत नाही." तो विनीकडे वळला. "'हो' मार. आणि माझे शेअर येतील ते विकून पैसे तुझे. पर्थला जा."

"मला तुझी भीक नको."

"भीक कसली? पंचेचाळीस वर्षांची थकबाकी आहे."

ग्लेनिसने बापाकडे पाहिलं. ज्या सोसायटीच्या नावाने हा माणूस जेवायचा, तिच्याविरुद्ध तो स्वतःच्या मतपत्रिकेवर 'हो' मारायला सांगत होता. तिला इतकं भरून आलं, की मघाचं सगळं ओरडणं तिने मनातल्या मनात परत घेतलं.

विनीने चष्मा पुसला. कागद उजेडाकडे धरला, सुलटा वाचला, उलटा वाचला, कापड तपासायची तशी बोटं एका कडेपासून दुसरीपर्यंत फिरवली. मग पेन घेतलं आणि शांतपणे फुली मारली.

"अगं आत्या!" ग्लेनिस ओरडली. "'नाही'वर मारलीस! चुकून..."

"चाळीस वर्षं मी कापडातला एक तुटका धागा शोधत होते. एवढा मोठा चौकोन मला दिसतो."

"पण पर्थ?"

"जाणार की. बँक होणारच आहे, एका फुलीने काय अडतंय? सगळ्या गावाने 'हो' भरलंय, तुझी काचेची खोली पण होईल. आर्थर देईल ते पैसे मी घेणार, आता सोडणार नाही." विनीने कागदाची घडी घातली. "पण मला आज पहिल्यांदा कोणी विचारलं. मग खरं ते सांगायला नको? मला बँक नकोय. ती जागा माझी होती. कोणी तशी मानली नसेल, तरी माझी होती."

आर्थरने रुमाल काढून मोठ्याने नाक शिंकरलं. मग तो कपाटाकडे गेला आणि खालच्या खणातून फॉर्मांचं एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक घेऊन आला. निवृत्तीच्या दिवशी त्याने ते टेबलातून उचलून आणलं होतं. त्याची एवढी एकच चोरी.

"उद्या सकाळी नऊला आपण दोघं जाऊ," तो म्हणाला. "जुन्या खात्यातले पैसे काढायला तुझी एकटीची सही पुरते. ते सगळे नव्या खात्यात. हा फॉर्म जुना आहे, ते काउंटरवर नवीन देतील, पण तुझा मी भरणार. आता यावर शेअर नाही मिळायचे विनी, शेअरसाठी खातं उघडायची तारीख उलटून गेली."

"माहीत आहे मला."

त्याने शाईचं पेन घेतलं, झटकून पाहिलं, आणि त्याच्या वळणदार अक्षरात, पहिल्या नावापुढे, सावकाश लिहिलं: विनिफ्रेड पिकल्स. लिहून थांबला. 'पिकल्स'वर त्याने एक आडवी रेघ मारली आणि बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने बॅरक्लफ लिहिलं.

मग सवयीने त्याचं पेन खालच्या ओळीवर गेलं.

"दुसरं नाव?"

"रिकामं राहू दे," विनी म्हणाली.